तो ओटीपी सानपाड्याहून येतो

पनवेल स्टेशनवर उभे आहात, गाडीला वेळ आहे आणि डेटा पॅक नेमका आत्ताच संपलाय. तुम्ही वायफाय ऑन करता, रेल्वेचं 'रेलवायर' दिसतं, त्यावर टॅप करता. पण नेट लगेच सुरू होत नाही. आधी एक पान उघडतं आणि मोबाइल नंबर मागतं. नंबर दिला की ओटीपी, ओटीपी टाकला की दिवसाची पहिली ३० मिनिटं फुकट. मॉलमध्ये हेच, कॅफेत हेच, एअरपोर्टवरही हेच. फुकटच देताय ना, मग एवढी चौकशी कशाला, असं तुम्हीही कधीतरी पुटपुटला असाल.

त्याचं उत्तर पनवेलहून सुटणाऱ्या हार्बर लोकलच्या वाटेतच आहे. वाशीच्या अलीकडचं स्टेशन, सानपाडा.

२६ जुलै २००८. त्या संध्याकाळी अहमदाबादमध्ये एकामागून एक बॉम्बस्फोट झाले, पन्नासहून जास्त माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी प्रसारमाध्यमांना एक धमकीचा ई-मेल आला होता. पोलिसांनी त्या मेलचा आयपी अ‍ॅड्रेस शोधला आणि माग येऊन थांबला तो सानपाड्यातल्या एका फ्लॅटवर. तिथे एक अमेरिकन गृहस्थ राहत होते. दहशतवादविरोधी पथक दारात, घरातले कॉम्प्युटर तपासणीला, टीव्हीवर चोवीस तास तेच. तपासात निघालं असं की, मेल गेला होता त्यांच्याच वायफायवरून, पण पाठवणारा दुसराच कोणीतरी होता. राउटर उघडा होता. त्याच्या रेंजमध्ये लॅपटॉप घेऊन बसायचं, कनेक्ट व्हायचं, मेल टाकायचा आणि निघून जायचं, इतकं ते सोपं होतं. फ्लॅटला दार असतं, कडी असते, सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो. रेडिओ लहरी यातल्या कशालाच जुमानत नाहीत.

हे तिथेच संपलं नाही. ऑगस्टमध्ये पुढचा मेल आला, तो माटुंग्याच्या एका कॉलेजच्या वायफायवरून. सप्टेंबरमध्ये दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा मेल चेंबूरमधल्या एका कंपनीच्या नेटवर्कवरून गेला. युक्ती एकच, तीन पत्ते वेगळे. घर, कॉलेज, ऑफिस. ऑक्टोबरमध्ये मुंबई गुन्हे शाखेने या प्रकरणात काही जणांना अटक केली. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरातली असुरक्षित वायफाय शोधायची मोहीम हाती घेतली. आणि २३ फेब्रुवारी २००९ ला केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना आदेश धाडला की, सार्वजनिक ठिकाणी वायफाय द्यायचं तर वापरणारा कोण हे नोंदवलंच पाहिजे. एक तर फोटो ओळखपत्राची प्रत घ्या आणि वर्षभर जपून ठेवा, नाहीतर त्याच्या मोबाइलवर मेसेजने पासवर्ड पाठवा.

चहाच्या टपरीवर ओळखपत्राच्या झेरॉक्स कोण गोळा करत बसणार? सगळ्यांनी मोबाइलचा रस्ता धरला. तुमच्या फोनवर येणारा ओटीपी तो हाच.

आता त्या डब्याकडे वळूया, कारण या सगळ्यात बिचाऱ्या राउटरची बाजू कोणी ऐकलीच नाही. त्या काळात राउटर खोक्यातून बाहेर यायचा तोच उघडा. नेटवर्कचं नाव म्हणजे कंपनीचं नाव, पासवर्ड नाही, सेटिंगच्या पानाचं युजरनेम 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन'. हा काही निष्काळजीपणा नव्हता, धंद्याचं गणित होतं. गिऱ्हाइकाने डबा घरी नेला, वायर खोचली आणि पाच मिनिटांत नेट सुरू झालं नाही, तर तो डबा संध्याकाळी दुकानात परत येतो. म्हणून कंपनी म्हणायची, आम्ही डबा देतो, कुलूप ग्राहकाने लावावं. ग्राहकाला वाटायचं, जोडायला आलेल्या पोराने ते लावलं असेल. त्या पोराला संध्याकाळपर्यंत अजून चार घरं उरकायची असायची. जबाबदारी अशी हातोहात सरकत जायची आणि शेवटी कोणाच्याच हातात नसायची. आज बऱ्याच राउटरच्या पोटाखाली प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड छापलेला स्टिकर येतो, ही मोठी सुधारणा आहे. पण जबाबदारी सरकवण्याची ती साखळी मात्र तशीच आहे, फक्त लांब झाली आहे.

कशी, ते बघा. आपल्याला वायफाय म्हटलं की एक कंपनी डोळ्यांसमोर येते, जिचं बिल येते ती. प्रत्यक्षात तुमच्या कॉलेजच्या छतावर जो पांढरा चपटा तबकडीसारखा डबा लटकतोय, त्याला म्हणतात अ‍ॅक्सेस पॉइंट. घरच्या राउटरमध्ये तीन-चार यंत्रं एकत्र कोंबलेली असतात, मोठ्या जागेत ती सुटी असतात. अ‍ॅक्सेस पॉइंट फक्त हवेतून बोलतो. त्याला वीज आणि डेटा एकाच केबलमधून मिळतो आणि ती केबल १०० मीटरपेक्षा लांब चालत नाही. सगळ्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर नजर ठेवणारा कंट्रोलर वेगळा, पासवर्ड तपासणारा सर्व्हर वेगळा. आतली चिप क्वालकॉम, ब्रॉडकॉम किंवा मीडियाटेकची, डब्यावर नाव सिस्को, अरुबा, रुकस, टीपी-लिंक असं काहीतरी. तो डबा भारतात विकायचा तर केंद्र सरकारच्या बिनतारी विभागाची मंजुरी लागते. मग वितरक, मग 'सिस्टिम इंटिग्रेटर' म्हणजे डबे, केबल, स्विच हे सगळं जमवून प्रत्यक्ष नेटवर्क उभं करणारी कंपनी, आणि तिने कामाला लावलेला कंत्राटदार. शिडीवर चढणारा मुलगा या साखळीचं शेवटचं टोक. ऐरोली, महापे, बेलापूरच्या पट्ट्यात तुम्ही ज्या काचेच्या इमारती बघता, त्यांच्या आतल्या नेटवर्कची कामं अशाच साखळीतून होतात. घरासाठी एखादाच राउटर हवा असला तर अर्थातच लॅमिंग्टन रोड आहेच.

यातलं आपल्याकडचं काय, असं विचाराल तर दोन ठिकाणं सांगतो. एक गोवा. डी-लिंक इंडिया आणि 'डिजिसोल' हा ब्रँड चालवणारी स्मार्टलिंक, या दोन्ही कंपन्यांचं नोंदणीकृत कार्यालय वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत. एकेकाळी दोघी एकाच घरातल्या, नंतर वाटण्या झाल्या. गोवा म्हटलं की आपण बीचचे फोटो टाकतो, कोणी वेर्ण्याच्या राउटरचा टाकत नाही!

दुसरं पुणे, आणि ही गोष्ट जरा निवांत सांगण्यासारखी आहे. प्रवीण भागवत सहसंस्थापक असलेली एअरटाइट नेटवर्क्स नावाची कंपनी होती. मुख्यालय कॅलिफोर्नियात, संशोधनाचं काम पुण्यात. वायफायवर कोण चोरून शिरतंय हे पकडणारी यंत्रणा ही तिची खासियत. २०१० मध्ये तिथल्या एका संशोधकाने डब्ल्यूपीए-२ या सुरक्षा पद्धतीतली एक फट जगासमोर आणली. डब्ल्यूपीए-२ म्हणजे तेव्हा सर्वांत भरवशाचं मानलं जाणारं कुलूप. त्यात प्रत्येक वापरणाऱ्याची स्वतःची किल्ली असते, पण सगळ्यांना एकदम पाठवायच्या संदेशांसाठी एक सामायिक किल्लीही असते. ज्याला आत यायची रीतसर परवानगी आहे, त्याने ही सामायिक किल्ली वापरून अ‍ॅक्सेस पॉइंटचं सोंग घेतलं तर बाकीच्यांना ते कळायला मार्ग नाही. थोडक्यात, चोर बाहेरून येत नाही, तुमच्याच बेंचवर बसलेला असतो. या फटीचं नाव पडलं 'होल १९६', कारण तिचं मूळ वायफायच्या अधिकृत प्रमाणग्रंथाच्या १९६ क्रमांकाच्या पानावर होतं. छापील, सगळ्यांसमोर. सबंध जगाने तो ग्रंथ वापरला, पुण्यातल्या एकाने तो नीट वाचला. पुढे २०१६ मध्ये या कंपनीचं नाव मोजो नेटवर्क्स झालं आणि २०१८ मध्ये अरिस्टा या अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली.

बरं, सुरक्षेचं राहू दे, आमच्या कॉलेजचं वायफाय मुळात चालतच नाही त्याचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. फुल्ल दांड्या दिसतात आणि रील काही पुढे सरकत नाही.

पंगत डोळ्यांसमोर आणा. साठ पानं मांडलीत आणि वाढपी एकच. वायफायचा एक चॅनेल म्हणजे हा वाढपी. एका वेळी तो एकाच पानाशी वाकणार. तुम्ही काही मागत असताना शेजारच्याने गप्प बसायचं, दोघं एकदम बोलले की कोणाचंच ऐकू येत नाही आणि दोघांनाही पुन्हा मागावं लागतं. फोनवरच्या दांड्या फक्त एवढंच सांगतात की वाढप्याचा आवाज तुम्हाला स्पष्ट ऐकू येतोय. तुमचा नंबर कधी लागणार, ते त्या सांगत नाहीत. त्यात गोम अशी की, लांब कोपऱ्यात भिंतीआड बसलेल्या मुलाचा सिग्नल कमजोर, म्हणून त्याच्याशी सावकाश बोलावं लागतं आणि तेवढीच भाजी वाढायला त्याच्याकडे पाचपट वेळ जातो. तो वेळ तुमचा असतो. जिन्यात बसून, अर्धी दांडी असताना, वेब सिरीज डाउनलोड करणारा एक जण सगळ्या पंगतीला उपाशी ठेवू शकतो.

मग वाढपी वाढवा की! तिथे दुसरी अडचण. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनेल आहेत, पण एकमेकांच्या पायात न येता एकदम चालवता येतात फक्त तीन, १, ६ आणि ११. चौथा वाढपी आणला की तो आधीच्या एखाद्याला धडकणार. ५ गिगाहर्ट्‌झमध्ये चॅनेल बरेच जास्त, पण तो सिग्नल भिंतीत लवकर दमतो. म्हणजे डबे जास्त, प्रत्येकाचा आवाज मुद्दाम कमी आणि जागा विचार करून निवडलेली, असा हिशेब बसवावा लागतो. मला विचाराल तर नवख्या माणसाच्या सगळ्यात विरुद्ध जाणारी गोष्ट हीच आहे. सिग्नल कमी ठेवल्याने नेट सुधारतं, हे प्राचार्यांना समजावून सांगणं हे कुठल्याही इंजिनीअरिंगपेक्षा अवघड काम असावं.

हा हिशेब कागदावर होत नाही. त्यासाठी 'साइट सर्व्हे' असतो. एक माणूस इमारतीचा नकाशा उघडलेला लॅपटॉप किंवा टॅब घेऊन खोली न् खोली चालतो आणि कुठे सिग्नल किती, याचे रंगीत पट्टे नकाशावर उमटत जातात. आरसीसीची भिंत, लिफ्टचा डक्ट, पाण्याची टाकी, लोखंडी कपाटांची रांग, हे सगळे शत्रू. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ऑफिसांना लावतात तसली धातूचा थर दिलेली काच दिसायला पारदर्शक, पण वायफायला जवळजवळ भिंतच. आणि माणूसही शत्रूच, कारण आपलं शरीर बरंचसं पाणी आहे. मे महिन्याच्या सुट्टीत रिकाम्या हॉलमध्ये केलेला सर्व्हे जूनमध्ये दीडशे मुलं बसली की खोटा पडतो, तो यामुळे. चांगली कंपनी हे जाणते आणि मुलं असताना पुन्हा येऊन मोजते.

पण चांगली कंपनी निवडली जाते कशी? बहुतेक ठिकाणी निविदा निघते आणि कमीत कमी दराची मंजूर होते. निविदेत अ‍ॅक्सेस पॉइंट किती ते मोजता येतं, केबल किती मीटर ते मोजता येतं. चालत मोजणी करणारा माणूस, दोन वर्षांनी येऊन सॉफ्टवेअर अपडेट करणारा माणूस, हे दरपत्रकात बसत नाहीत, म्हणून पहिली कात्री त्यांच्यावर चालते. शिवाय काही कंपन्यांच्या यंत्रांना दरवर्षी लायसन्सचे पैसे भरावे लागतात. ते भरले नाहीत की छतावरचा चांगला धडधाकट डबा मुका होतो. खरेदीच्या दिवशी फोटो निघतात, नूतनीकरणाच्या दिवशी कोणी हार घालत नाही. मुंबईत जानेवारी २०१७ मध्ये 'आपले सरकार मुंबई वायफाय' सुरू झालं तेव्हा ५०० ठिकाणी हॉटस्पॉट होते आणि १२०० चं लक्ष्य होतं. त्याच्या एक वर्ष आधी मुंबई सेंट्रलपासून गूगल आणि रेलटेलने स्टेशनांवर फुकट वायफाय सुरू केलं, ४०० स्टेशनांपर्यंत नेलं आणि २०२० मध्ये गूगलने त्यातून अंग काढून घेतलं. स्वस्त मोबाइल डेटा आला होता, गरज तेवढी उरली नव्हती. रेलटेलने मात्र ते चालू ठेवलं. म्हणून तर पनवेलला तुम्हाला आजही काहीतरी दिसतं.

आता यात तुमच्यासाठी काय आहे, तेही सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'पीएम-वाणी' ही योजना मंजूर केली. तिच्यात चहावाला, झेरॉक्सवाला, किराणा दुकानदार, कोणीही स्वतःच्या जागेत सार्वजनिक वायफाय देऊ शकतो, त्याला लायसन्स लागत नाही आणि फीसुद्धा नाही. ग्राहकाची ओळख पटवणं, हिशेब ठेवणं हे काम त्याच्यामागे असलेली दुसरी कंपनी करते. २००९ च्या आदेशाने जे ओझं टपरीवाल्याला पेलणारं नव्हतं, ते इथे त्याच्या खांद्यावरून काढून घेतलंय. हॉस्टेलच्या किंवा पीजीच्या भागात कोणाला हा जोडधंदा करून बघायचा असेल तर जरूर बघा, फक्त मोबाइल डेटा स्वस्त असताना लोक पैसे कशाला देतील, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. तळमजल्यावरचा वर्ग, बेसमेंटमधली लायब्ररी, मोबाइलला रेंज न येणाऱ्या जागा, तिथे उत्तर वेगळं येऊ शकतं.

आणि नोकरी म्हणाल तर, सीसीएनए हे नाव तुम्ही ऐकलं असेल. खास वायफायसाठी सीडब्ल्यूएनए नावाचं प्रमाणपत्र असतं, त्याची फारशी चर्चा होत नाही. अभ्यासक्रम चांगला आहे, त्यात अँटेना, डेसिबल, लहरींचं परावर्तन असं बारावीच्या फिजिक्समधलं बरंच काही पुन्हा भेटतं, या वेळी कामाचं. पण सुरुवात एसी केबिनमध्ये होत नाही. पहिली दोन वर्षं शिडी, क्रिम्पिंग टूल, फॉल्स सीलिंगमधली धूळ आणि 'नेट बंद आहे' असे रात्री अकराचे फोन. ज्यांना हे चालतं ते टिकतात.

जाता जाता एक काम. आज घरी, किंवा नेरुळ-खारघरच्या तुमच्या भाड्याच्या फ्लॅटवर गेलात की राउटर उलटा करून त्याच्या पोटावरचा स्टिकर वाचा. त्यावर सेटिंगच्या पानाचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. तो ब्राउझरमध्ये टाका आणि युजरनेम-पासवर्ड दोन्हीकडे 'अ‍ॅडमिन' लिहून बघा. दार उघडलं तर जे तुम्हाला उघडलं ते दुसऱ्यालाही उघडेल. पासवर्ड तिथल्या तिथे बदला, सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए-३ दिसत असेल तर तो निवडा, नसेल तर डब्ल्यूपीए-२. डब्ल्यूईपी असा पर्याय दिसला तर त्याच्याकडे ढुंकूनही बघू नका, तो २००१ मध्येच फुटलाय. पाहुण्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' वेगळं करता येतं, ते करा. राउटर घरमालकाचा असेल तर आधी त्याला विचारा, आणि नवा पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या महिन्यात तुम्हीच बाहेर राहाल. हा प्रयोग फक्त स्वतःच्या राउटरवर. शेजाऱ्याच्या राउटरवर वाईट हेतूने केलात तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शेजारी विचारायला आलाच, तर त्याचाही बदलून द्या, पण पासवर्ड त्यालाच टाइप करू दे.